मास्तरांचा समोरचा दात

दात कोरून कुणाचं पोट भरत नाही, असं म्हणतात. लॅबच्या मालकीणबाई नव्या माणसाला कामावर घेताना ही म्हण हटकून ऐकवायच्या आणि वर म्हणायच्या, "आपलं भरतं!"

लॅब चष्म्याच्या दुकानाच्या वर, दोन मोठ्या खोल्यांत होती. गावभरच्या दंतवैद्यांकडून प्लास्टरचे जबडे यायचे आणि त्या मापाने केलेल्या, मोडक्या दातांवर बसवायच्या कॅपा इथून जायच्या. आत शिरलं की आधी नाकात प्लास्टरची भुकटी, मग कानात हवेच्या पंपाची घरघर, आणि मग डोळ्यांना दिसायचे ते टेबलांवर ओळीने मांडलेले जबडे, सगळे आ वासून बसलेले. नवखा माणूस जरा दचकायचा. जुन्यांना ते जबडे इतके अंगवळणी पडले होते, की चहाचा कप टेकवायला जागा हवी असली तर ते दोन जबडे बाजूला सारायचे आणि गप्पा पुढे चालू.

खिडकीजवळच्या टेबलावर रंगारी बसायचा. त्याचं खरं नाव पगारपत्रकापुरतं. सगळे त्याला रंगारीच म्हणत, कारण दाताचा रंग जुळवावा तर त्यानेच. चिनीमातीसारखी पावडर पाण्यात कालवायची, बारीक ब्रशने कॅपवर थरावर थर चढवायचे, भट्टीत भाजायचं, बाहेर काढून उजेडात धरायचं, पुन्हा थर. "दात पांढरा असतो असं ज्याला वाटतं, त्याने दात कधी बघितलेलाच नाही," असं तो पूर्वी सांगायचा. मुळाशी पिवळसर, मधे दुधी, टोकाला निळसर काचेसारखा, आणि म्हातारपणी चहाच्या डागांनी मढलेला. हे सगळं त्या ब्रशच्या टोकातून उतरायचं.

पूर्वी सांगायचा, असं म्हणायचं कारण गेल्या वर्षी त्याची बायको वारली. मोठं दुखणं होतं, आठेक महिने चाललं. ती गेल्यावर रंगारी थोड्याच दिवसांत कामावर परतला. हात पूर्वीसारखेच चालत होते. लोक म्हणाले, धीराचा गडी. धीरबीर काही नव्हतं. पाय मुडपून फार वेळ बसलं की पायाचं जसं होतं, तसं त्याचं सगळंच झालं होतं. पाय आपलाच असतो, दिसतो, हलतोही. पण टाचणी टोचली तर कुणा दुसऱ्याला टोचल्यासारखी वाटते. तो अजून एकदाही रडला नव्हता. रडू आवरलंय असंही नव्हतं. आवरायला काहीतरी असावं लागतं.

घरी त्याचे सासरे होते. ते शिंपीकाम करायचे आणि सगळा बाजार त्यांना मास्तर म्हणायचा. रंगारीही मास्तरच म्हणे. लग्नाआधी तो त्यांच्या दुकानात पँटी शिवायला टाकायचा, तेव्हाची सवय. पँटी वेळेवर कधी मिळाल्या नाहीत, पण मास्तरांची मुलगी मिळाली, असं तो चारचौघांत म्हणायचा आणि बायको त्याला डोळ्यांनी दटावायची. ती आजारी पडल्यावर मास्तरांनी दुकान बंद केलं, शिलाई मशीन टेम्पोत घातलं आणि लेकीच्या घरी येऊन राहिले. ती गेल्यावर "आता जा" असं कुणी म्हणालं नाही, "राहा" असंही नाही. मशीनवर चादर पडली. दोघं सकाळी चहा घ्यायचे, संध्याकाळी जेवायचे आणि मधे रेडिओ बोलायचा.

मास्तरांनी तोंडासमोर हात धरायची एक सवय लावून घेतली होती. जेवताना हात, बोलताना हात. रंगारीला वाटायचं, यांना आपल्याशी बोलायचंच नाही. त्यालाही बोलायचं नव्हतं, म्हणून बरंच होतं.

अशात एक दिवस मालकीणबाईंनी त्याला आत बोलावलं. टेबलावर तीन डब्या होत्या. एकीत काचेच्या जातीचं सिरॅमिक, लॅबमध्ये थोडंफार वापरलेलं, पण हे नव्या कंपनीचं. दुसरीत पांढरा झिरकोनिया, दगडासारखा टणक. तिसरीत खडूएवढा एक ठोकळा. त्यात रंगाच्या छटा आधीच भरलेल्या, वर फिकट, खाली गडद.

"हा ठोकळा मशीनमध्ये घालायचा," बाई म्हणाल्या. "मशीन कोरून कॅप काढणार. भाजली, चकाकी आणली, संपलं. थर नकोत, ब्रश नको. विक्रेता सांगून गेला, दगडासारखी मजबूत आणि मोत्यासारखी देखणी."

रंगारीने ठोकळा उचलून खिडकीकडे धरला.

"दाखवायचे दात सगळेच आणतात रे," बाई म्हणाल्या. "खायचे कुठले, ते तू मला सांग. तिन्ही तपासून बघ. हवा तेवढा वेळ घे." मग म्हणाल्या, "ठोकळा चांगला निघाला तर तुझं निम्मं काम जाईल. ते ठाऊक असूनच तुला सांगतेय. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

"बरं," रंगारी म्हणाला.

बाईंना वाटलं होतं, हा भांडेल, निदान तोंड तरी पाडेल. तो डब्या घेऊन आपल्या टेबलाशी गेला.

पुढचे काही आठवडे त्याने तिन्हींच्या कॅपा केल्या. प्लास्टरच्या दातावर बसवून कडेला फट राहते का, ते भिंगाखाली पाहिलं. काही कॅपा दाबयंत्राखाली फुटेपर्यंत दाबल्या. काही कडक चहात आणि काळ्या कॉफीत बुडवून ठेवल्या. काही पुन्हा पुन्हा भट्टीत घातल्या, रंग उडतो का ते बघायला. काचेची कॅप दाबाखाली टणकन फुटायची, झिरकोनियापुढे यंत्रच कुरकुरायचं, आणि ठोकळा मधेच कुठेतरी. हे काम त्याला बरं वाटलं. म्हणजे बरं-वाईट काही वाटलं नाही, पण वेळ गेला.

"टेबलावर सगळेच शहाणे," बाई म्हणाल्या. "तोंडात काय होतं ते बघू."

कॅपा लॅबमधून मागवणारी एक डॉक्टरीण होती, स्वभावाने फटकळ, पण कामाला चोख. ती तयार झाली. तिची अट एकच: माणूस असा द्या की जो पुन्हा पुन्हा येईल, त्रास झाला तर लपवणार नाही, आणि हे काय चाललंय ते समजून हो म्हणेल. कॅप कच्च्या सिमेंटने बसवायची, काही दिवस वापरायची, काढायची, दुसरी बसवायची. आणि दात समोरचा हवा. रंगाची परीक्षा तिथेच.

असा माणूस मिळेना. समोरचा दात मोडला की माणसाला कायमची कॅप हवी असते, तीही कालच.

तो रविवार होता. रंगारी स्वयंपाकघरात आला तेव्हा मास्तर टेबलाशी बसून सफरचंद खात होते. खात होते म्हणजे काय, सुरीने कागदासारखे पातळ काप काढत होते आणि एकेक काप बोटाने गालात, पार मागे दाढेखाली सारत होते. दुसरा हात तोंडासमोर.

"असं का खाताय?" रंगारीने विचारलं.

"सवय," मास्तर हाताआडून म्हणाले.

"हात काढा बघू."

लॅबमधल्या आवाजात तो हे बोलला. मास्तरांनी हात खाली घेतला.

वरचा समोरचा एक दात तिरका तुटलेला होता. निम्माच उरला होता, आणि उरलेल्याची कड तपकिरी पडली होती. रंगारीचा जन्म दातांत गेला होता. हे मोडणं आजचं नाही, कालचं नाही, वर्षापूर्वीचं आहे, हे त्याला एका नजरेत कळलं.

"कधी झालं हे?"

"ती होती तेव्हा." मास्तरांनी सुरी खाली ठेवली. "तिचे कपडे आत घेत होतो ना मी. दर थोड्या दिवसांनी घ्यावे लागायचे. आज शिवून द्यावं, तर पुन्हा सैल. तो निळा गाऊन नव्हता का, त्याचा दोरा तोडला दाताने. आयुष्यभर तोडत आलो, तिथे खाच पडलीच होती. त्या दिवशी दोरा राहिला आणि दात आला हातात."

"मग बोलला का नाहीत?"

"तेव्हा काय दाताचं बोलायचं?"

"आणि नंतर?"

मास्तर सफरचंदाच्या सालीशी चाळा करत राहिले. "नंतर वाटलं, तुम्ही बघाल."

रंगारी उभाच होता. आता आपल्याला लाज वाटली पाहिजे, हे त्याला कळत होतं. लाजेची वाट बघावी तसा तो थोडा वेळ थांबला. पण मनात आलं ते एवढंच, की दाताची मागची भिंत शाबूत आहे, मूळ घट्ट दिसतंय, कॅप धरेल.

"उद्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ," तो म्हणाला, आणि चाचणीचं सगळं त्यांना समजावून सांगितलं.

"म्हणजे तीन तीन दात बसवून बघणार?" मास्तर म्हणाले. "चालेल की. मीही गिऱ्हाइकाला तीन तीनदा अंगावर घालून बघायला लावायचो."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मोडका दात कॅपसाठी कोरून लहान केला आणि माप घेतलं. रंग बघायला रंगारीने मास्तरांना खिडकीशी बसवलं आणि रंगांच्या नमुन्यांचा जुडगा काढला. काडीच्या टोकाला एकेक खोटा दात, फिकटापासून गडदापर्यंत. त्याने एक धरला, तांबूस वाटला. दुसरा धरला, उजळ. मग तो राखाडी-पिवळसर नमुना त्याच्या हातात आला, जो हल्ली कुणी मागत नाही. शेजारच्या दाताजवळ धरल्यावर नमुना कुठे संपतो आणि दात कुठे सुरू होतो, ते कळेना.

हा रंग त्याला माहीत होता. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने गमतीने बायकोच्या दातांना सगळे नमुने लावून पाहिले होते, आणि हाच जुळला होता. "हा आमच्या घराण्याचा रंग आहे," ती म्हणाली होती. "माहेरून आणलाय, नीट वापरा."

"ओठ जरा वर करा, मास्तर," रंगारी म्हणाला. मास्तरांनी ओठ वर केला. त्याने डॉक्टरीणबाईंना नंबर सांगितला, त्यांनी लिहून घेतला. जुडगा त्याने पुसला आणि पेटीत ठेवला. घरी जाताना मास्तर बोलत होते, तो हो हो करत होता, आणि कुठल्या वळणावर वळलो हे त्याला नंतर आठवलं नाही.

पहिली कॅप काचेच्या सिरॅमिकची. त्यावर रंगारीने हाताने थर दिले होते. मास्तरांनी आरसा धरला, वर्षभरात पहिल्यांदा दात काढून हसले आणि म्हणाले, "अहो, हा तर माझ्याहून तरुण दिसतोय!"

"याने दोरा तोडायचा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुठल्याच दाताने तोडायचा नाही. ऐकणार आहात का?"

"नाही," मास्तर म्हणाले.

"मग तोडा. पण काय होतं ते मला येऊन सांगा. अशी सुद्धा माणसं असतातच, त्यांच्या कॅपचं काय होतं ते कळायला हवं."

"पण मी हल्ली शिवतच नाही."

रंगारी म्हणाला, "मग चाचणी कशी होणार, मास्तर?"

संध्याकाळी मास्तरांनी मशीनवरची चादर काढली. तेल घातलं, पट्टा ताणून बघितला, आणि काय शिवावं म्हणून घरभर नजर फिरवली. ती रंगारीवर येऊन थांबली.

"उभे राहा असे. पट्ट्याला हे जादा भोक तुम्ही पाडलंत?"

"हो."

"चाकूने? किती ओबडधोबड." मास्तरांनी त्याची पँट कमरेला चिमटीत धरली. मूठभर कापड हातात आलं. टाचण्या ओठांत धरून त्यांनी कंबर आत घेतली, शिवण खडूने आखली. रंगारी हात पसरून उभा होता. खाली मास्तरांचं टक्कल दिसत होतं, त्यावरचा एक तीळ. माणसाच्या बोटांचा असा स्पर्श त्याला फार दिवसांत झाला नव्हता. तो नुसता उभा राहिला.

मशीन खडखडलं, थांबलं. मास्तरांनी दोरा दाताखाली धरला. टक्. रंगारीने कान दिला होता. सिरॅमिक तडकलं की वेगळा आवाज येतो. तो आला नाही.

"शाबूत," मास्तर म्हणाले.

त्यानंतर दोघांच्यात बोलणं सुरू झालं, पण फक्त दाताचं. रंगारी दारातून आत आला की विचारायचा, "काय म्हणतोय दात?" आणि मास्तर तक्रारीचा पाढा वाचायचे. थंड पाण्याने शेजारचा दात कुरकुरतो, नवा भाडेकरू आल्यावर जुना कुरकुरतो तसा. शीळ घालताना वारा भलतीकडून जातो. शेजारपाजारच्यांना मशीनचा आवाज गेला आणि कुणी कोट, कुणी शर्ट घेऊन येऊ लागलं. एका जाड कोटाचा दोरा तोडताना काचेच्या कॅपची कड उडाली. मास्तरांनी तो कण कागदाच्या पुडीत जपून आणला. रंगारीने भिंगाखाली बघितला आणि मान हलवली. असंच होईल, असं त्याला वाटत होतं.

दुसरी कॅप झिरकोनियाची. तिला दोराच काय, तारही तोडता आली असती. पण मास्तर हसले की बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जायची. "न्हाणीघरातली फरशी लावलीत मला," ते म्हणाले. काही दिवसांनी खालचा दात हुळहुळायला लागला. डॉक्टरीणबाईंनी कॅप काढून पाहिली. बसवताना उंची कमी करायला कड घासली होती, आणि तिथे पुन्हा चकाकी आणायची राहिली होती. ती खरबरीत कड खालच्या दाताला कानशीसारखी घासत होती.

"चूक माझी," त्या म्हणाल्या.

"पण कळलं ना," मास्तर म्हणाले. "कच्ची शिलाई त्यासाठीच घालतात."

तिसऱ्या वेळी ठोकळ्याची कॅप बसली. ती घासल्यावर डॉक्टरीणबाईंनी न चुकता चकचकीत केली. मास्तरांनी तिच्यावर कोट केले, पडदे केले, एकदा चामड्याच्या पिशवीचा बंदही तोडला. कॅप ढिम्म. रंगाने ती झिरकोनियाहून बरी, काचेहून कमी. लांबून कळायचं नाही, जवळून रंगारीला कळायचं.

मग तो मालकीणबाईंकडे गेला.

"ठोकळा चांगला आहे," तो म्हणाला. "दाढांना बिनधास्त वापरा. समोरच्या दातांना टोकाची निळी झाक येत नाही. तिथे वरून हाताचा एक थर द्यावा लागेल. डॉक्टरांनी घासला तर पुन्हा पॉलिश झालंच पाहिजे, हे त्यांना बजावून सांगा, नाहीतर ज्या दातावर टेकेल त्याला खाईल. कंपनी म्हणते वर्षानुवर्षं टिकतो. ते मला माहीत नाही. मी काही महिनेच पाहिलंय."

"आणि तुझं काम?"

"कमी होईल."

"वाईट नाही वाटत?"

रंगारीने खरोखरच विचार केला. खिडकीजवळचं आपलं टेबल, ब्रशांचा पेला, भट्टीची ऊब. "कळत नाही, बाई," तो म्हणाला.

कॅपा कोरायचं मशीन आलं. रंगारीला कॉम्प्युटरवर दात आखायला शिकावं लागलं. पडद्यावरचा दात बोटाने फिरवता यायचा, पण हातात काही यायचं नाही. दुपारी समोरच्या दातांना थर द्यायचं काम उरायचं, तेवढं तो करायचा. मास्तरांसाठी त्याने ठोकळ्याचीच कॅप नव्याने केली, टोकाला हाताने निळसर थर दिला, चहाचा एक बारीक डागही घातला. ती डॉक्टरीणबाईंनी पक्क्या सिमेंटने बसवली.

त्याच सुमारास मेव्हणा आला. मास्तरांचा धाकटा मुलगा दूरच्या शहरात नोकरीला होता, माणूस भला होता. बहिणीच्या आजारपणात त्याला वेळेवर येता आलं नव्हतं आणि ते त्याला खात होतं. तो वडलांना न्यायला आला होता. वडलांसाठी खोली रंगवून ठेवली होती.

जेवण झाल्यावर त्याने विषय काढला. "बाबा, चला आता. इथे कोण आहे तुमचं?" म्हटल्यावर त्याची नजर समोर गेली आणि तो अडखळला. "म्हणजे, दाजी, तसं नाही म्हणायचं मला."

"कळलं," रंगारी म्हणाला.

मास्तर पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "माझी चाचणी चालू आहे."

"कसली चाचणी?"

"या दाताची." त्यांनी ओठ वर करून दाखवला.

मेव्हण्याने वाकून पाहिलं. "यातला खोटा कुठला?"

"बघ, हे असं आहे," मास्तर म्हणाले.

"अहो पण दातांचे डॉक्टर तिकडेही आहेत."

"असतील. कॅप करणारा इथे आहे."

मेव्हणा रंगारीकडे बघत होता, मास्तर टेबलाकडे. आता आपण "राहा" म्हणायला हवं, हे रंगारीला स्पष्ट दिसत होतं. शब्द साधा होता. पण दातखीळ बसल्यासारखं झालं. शेवटी जो आवाज त्याच्यापाशी होता, त्यातच तो बोलला.

"वर्षभर तरी नजरेखाली राहायला हवी कॅप. आत्ताच काही खात्री देता येत नाही."

"ऐकलंस?" मास्तर मुलाला म्हणाले.

मेव्हण्याने ऐकलं. तो दोन दिवस राहिला. मास्तरांनी त्याच्या कोटाचं अस्तर बदलून दिलं, आणि दोरा तोडताना ते मुद्दाम त्याच्याकडे बघून हसले. गाडीत बसताना मेव्हण्याने रंगारीचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. हाताची ऊब रंगारीला लागली. तेवढंच लागलं.

दोघं घरी परतले. मास्तरांनी भांडी घासायला घेतली, रंगारी पुसायला उभा राहिला.

"वर्ष लागेल खरंच?" मास्तरांनी विचारलं.

"दोनही लागतील."

"मग खाली पाटी लावू का शिलाईची?"

"लावा."

पाटी लागली. ‘जुने कपडे आत-बाहेर करून मिळतील. घाई असणाऱ्यांनी दुसरीकडे जावे.’ रंगारी कामावरून येताना ती रोज वाचतो. वाचून काही वाटतं, असं नाही. जिना चढून तो वर येतो तेव्हा मशीन थांबतं आणि मास्तर विचारतात, "आज किती दात?" तो चपला काढतो, खुर्ची ओढतो आणि सांगायला लागतो: दाढा मशीनने काढल्या, समोरचा एकच होता, पण अवघड होता, बाईमाणसाचा, टोकाला फार निळा.

"किती निळा?" मास्तर विचारतात.

आणि निळा किती, ते सांगायला तो खिडकीपाशी जाऊन आभाळात तसा रंग सापडतो का ते बघतो.